टर्कीसाठी लांब घंटा

१९४८ साली, म्हणजे आई गेली त्याच वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, नोव्हेंबरातल्या टर्कीच्या जेवणाच्या सणाला, मी आमच्या टेलिफोनच्या तारेवर लांब घंटा वाजवली. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता नव्वदीला आले आहे. त्या दुपारी बादल्या घेऊन आमच्या अंगणात धावत आलेल्यांपैकी कुणीच मागे राहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमचं शेत नेब्रास्कात, गावापासून अकरा मैलांवर. वीज आली नव्हती, पण टेलिफोन होता. एका तारेवर अकरा घरं. प्रत्येक घराची घंटा वेगळी. आमची, म्हणजे ब्रँटांची, दोन लांब नि एक आखूड, शेजारच्या पोलमनांची तीन आखूड. घंटा कुणाचीही असली तरी ती सगळ्यांच्या भिंतीवरच्या पेट्यांत वाजायची, आणि निम्मी घरं रिसीव्हर उचलायची. त्यात कुणाला चोरटेपणा वाटत नसे. पोलमनकाकू ऐकत असल्या की त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकायचं. म्हाताऱ्या गस वेंटला दमा होता, त्याचा श्वास ऐकू यायचा. जितके जास्त रिसीव्हर उचललेले, तितका आवाज बारीक. पाच-सहा जण ऐकायला लागले की बोलणारा विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटायचं. अपवाद एकट्या पोलमनकाकूंचा. त्या ओरडल्या की कितीही रिसीव्हर उचलले तरी आवाज पोचायचा. काकूंना टेलिफोनची गरजच काय, असं बाबा म्हणायचे.

आणि एक घंटा सगळ्यांची होती. पेटीच्या बाजूचं हँडल न थांबवता फिरवत राहायचं, मिनिटभर. आग लागली, मूल हरवलं, कुणी शेवटच्या घटका मोजत असलं, तरच ती वाजवायची. ती ऐकली की हातातलं टाकून रिसीव्हर उचलायचा आणि निघायचं. त्या मार्चमध्ये बाबांनी ती वाजवली होती. आईच्या पोटात दोन दिवस दुखत होतं, आणि तिसऱ्या दिवशी ती कळांनी वाकडी झाली. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झालेला, गाडी फाटकापाशीच रुतली. सहा जण घोडे घेऊन आले, त्यांनी गाडी ओढून पक्क्या रस्त्याला लावली. आईचं आंत्रपुच्छ फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मग मी शाळा सोडली. ठरवून नव्हे. सकाळी ट्विलाला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न रोज असायचा आणि रोज त्याचं एकच उत्तर असायचं. ट्विला माझी धाकटी बहीण, पाच वर्षांची. आईचे केस तिला आले होते, कुरळे आणि बंडखोर.

ऑक्टोबरात लिओनामावशीचं पत्र आलं. मावशी आईची थोरली बहीण, ओमाहाला राहायची. तिला मूल नव्हतं. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"वाच. तुलाही माहीत असलेलं बरं."

मावशीनं लिहिलं होतं: "एमिल, ट्विलाला आई हवी, आणि आर्डिस स्वतःच अजून मूल आहे. मी थँक्सगिव्हिंगला येते आणि डोळ्यांनी बघते. घर नीट चाललेलं दिसलं तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर ट्विलाला मी माझ्याबरोबर घेऊन जाईन."

"म्हणजे जेवण चांगलं झालं तर ट्विला इथेच राहील?" मी विचारलं.

"जेवणाचं काही लिहिलेलं नाही तिनं."

"पण जेवायलाच येणार आहे ना?"

बाबांनी पत्राची परत घडी घातली. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

बाबांनी मंगळवारी आमचा मोठा टर्की मारला, बावीस पौंडांचा. मागच्या बाजूनं चिरून पोट साफ केलं. पिसं मी उपटली. बाबांनी तो थंड पडवीत टांगून ठेवला आणि दोघांनाही वाटलं की आता काही राहिलेलं नाही. दरवर्षी त्याच्या पुढचं सगळं आई करायची. ती नक्की काय काय करते हे कुणी बघितलं नव्हतं.

बुधवारी मी हँडल फिरवून तीन आखूड घंटा दिल्या.

"काकू, टर्की आधी उकडून घ्यायचा असतो का?"

"उकडून? अगं पोरी, तो टर्की आहे, बटाटा नव्हे!"

"बरं झालं आर्डिसनं विचारलं," दुसराच आवाज आला. "मी पण तेच विचारणार होते."

ही फर्न. गेल्या वर्षी लग्न होऊन आमच्या पलीकडच्या शेतावर आलेली.

"फर्न, तू कधी उचललास गं?"

"मी आधीपासूनच आहे, काकू. तुम्हालाच फोन करणार होते, तर आर्डिसनं आधी घंटा दिली. काकू, धुवायचा तरी असतो ना? मी गेल्या वर्षी साबण लावला होता."

तारेवर फक्त काकूंचं घड्याळ टिकटिकत होतं.

"कपड्यांचा?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही हो! अंगाचा. चांगला वासाचा."

"आणि नवऱ्यानं खाल्ला?"

"दोनदा मागून घेतला."

"बिचारा," खोल कुठूनतरी गसकाका म्हणाला. "तोंडाला फेस आला असेल."

मग आणखी कुणी कुणी हसलं, तेव्हा कळलं की निदान सात घरं ऐकताहेत. मला काकूंचं बोलणं मुंगीएवढं ऐकू यायला लागलं. मी ओरडून विचारलं, "भट्टी किती तापवायची?"

आमच्याकडे बिडाची काळी चूल होती, तिच्या पोटात भट्टी. दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं तिच्यात जाळायची. ती भराभर पेटतात आणि भराभर विझतात.

"हात आत घालायचा आणि आकडे मोजायचे!" काकू गरजल्या. "वीसपर्यंत धरवला तर गार आहे. दहाच्या आत काढावा लागला तर फार झालं!"

"कुणाचा हात, काकू? माझा का बाबांचा?"

पोलमनकाकूंना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसावा.

"माझा घाल," गसकाका म्हणाला. "साठपर्यंत मोजतो. एकोणीसशे अठराच्या युद्धापासून बोटांना काही कळतच नाही."

"गस, तू आयुष्यभर वालाच्या शेंगा उकडून खाल्ल्यास, तू मध्ये पडू नकोस. आर्डिस, तुझाच हात गं. पंधरापर्यंत. आणि छाती वर ठेवायची."

"वर कुठली, काकू? त्याला डोकंच नाहीये."

ह्यावर एवढा हशा झाला की तार किरकिरायला लागली. शेवटी काकू ओरडल्या, "सगळ्यांनी ठेवा बघू रिसीव्हर! तुमच्या हसण्यात पोरीला काही ऐकू येईनासं झालंय!" टक, टक, टक असे आवाज आले.

"गस, तू पण."

"मी ठेवलाय," गसकाका म्हणाला.

मी हसले. मार्चनंतर पहिल्यांदाच. काकूंनी ते ऐकलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. "उद्या सकाळी मी येऊन जाऊ का गं? चर्चच्या आधी, तासभर?"

मला हो म्हणायचं होतं. पण बाबांनी सकाळीच बजावलं होतं की कुणाकडून काही आणायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. लिओना आपलं घर बघायला येतेय, पोलमनांचं नाही.

"नको काकू. सगळं जमलंय."

गुरुवारी पहाटे पाचला मी चूल पेटवली. पावात कांदा नि सेजचा वासाचा पाला घालून सारण भरलं, पाय दोऱ्यानं बांधले. टर्की भट्टीत गेला तेव्हा सव्वासहा वाजले होते. हात आत घालून पंधरापर्यंत मोजायचे, बुरकुंडं टाकायची, परत मोजायचे. चौथ्या खेपेला कोपराच्या खाली भट्टीचं दार लागलं आणि कातडी पांढरी पडली. मी त्यावर चरबी चोपडली आणि बाही खाली ओढली.

आठवड्यापूर्वीच्या वादळाचा बर्फ रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसाएवढा साठला होता. त्यामुळे बाबा साडेदहालाच मावशीला आणायला स्टेशनवर निघाले. बारा वाजता तिची गाडी यायची होती. जाताना त्यांनी भट्टीचं दार उघडून पाहिलं.

"रंग छान आलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझी आई ह्यावर काहीतरी झाकायची ना?"

"काय झाकायची?"

"तेच आठवत नाही."

ते गेल्यावर मी ट्विलाला न्हाऊ घातलं. मावशीसमोर तिचे केस नीट दिसायला हवे होते. ती ओरडत होती, मी गाठी सोडवत होते. दोन वेण्या घालेपर्यंत पाऊण तास गेला. उठून पाहिलं तर चूल विझत आलेली. मी घाबरून भट्टीच्या शेजारचा कप्पा बुरकुंडांनी गच्च भरला. आग अशी उसळली की धुराचं नळकांडं लाल झालं. साडेअकराला भट्टी उघडली तेव्हा टर्कीची छाती कोळशासारखी काळी झाली होती. मी मांडीच्या सांध्यात सुरी खुपसली. आतून लाल पाणी आलं. आणि मानेच्या बाजूनं एक वास यायला लागला होता, आंबट, ओल्या धान्याच्या कणगीसारखा. तो कुठून येतोय ते काही केल्या कळेना.

पावणेबाराला मी पोलमनांना घंटा दिली. कुणी उचललं नाही. चर्च सुटायचं होतं. बारा वाजता परत दिली. फर्नकडे दिली. कुणी नाही. एरवी मी घंटा दिली की पाच घरं ऐकायला यायची, आणि त्या दिवशी तारेवर नुसती घरघर.

ट्विला खुर्चीवर उभी राहून टर्कीकडे बघत होती. "मावशी हा खाणार?"

"खाली उतर."

"त्याला लागलंय का?"

साडेबाराला मी भिंतीवरच्या टेलिफोनजवळ गेले. लांब घंटा कशासाठी असते हे मला चांगलं ठाऊक होतं. विसरले वगैरे नव्हते. तासाभरात मावशी ह्या दारातून आत येणार, तो टर्की बघणार आणि ट्विलाला घेऊन जाणार, हे मला तितकंच स्पष्ट दिसत होतं जितकी समोरची भिंत दिसत होती. ह्याहून मोठं काय जळायचं राहिलंय, असं वाटलं. मी हँडल धरलं आणि फिरवत राहिले.

एकामागून एक रिसीव्हर उचलले गेले. दहाच्या दहा घरं. चर्चमधून येऊन लोक नुकतेच टेबलाशी बसले होते. मी बोलायला लागले, बाहेरून करपलाय, आतून कच्चा आहे, वास येतोय, मी काय करू. पण दहा रिसीव्हर उचललेले असताना माझा आवाज माझ्याच पेटीच्या बाहेर पडत नव्हता. मग मला रडू फुटलं. त्यांना शब्द एकही ऐकू गेला नाही, फक्त लांबवर एक मुलगी रडतेय एवढंच कळलं. त्यावर पोलमनकाकूंचा आवाज आला.

"हे आर्डिसचं रडणं आहे! ब्रँटांचं घर! निघा!"

टक, टक, टक. मी ओरडतच होते की नाही हो, नुसतं विचारायचं होतं. पलीकडे कुणी नव्हतं.

सगळ्यात आधी गसकाका आला, घोडीवर खोगीर न घालता, कोटाशिवाय, दोन्ही हातांत बादल्या. त्यानं लगाम कशानं धरला होता देव जाणे. पाठोपाठ पोलमनांची गाडी, मग फर्नचा नवरा शिडी घेऊन, मग आणखी चार गाड्या. फर्नच्या एका खांद्यावर ओली गोधडी होती आणि हातात भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला पाय. घंटा झाली तेव्हा तो हातात होता आणि खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आग कुठाय?"

"आग नाहीये."

"ट्विला?" पोलमनकाकूंनी मला दोन्ही दंडांना धरलं. "ट्विला कुठाय?"

ट्विला टेबलाखालून बाहेर आली.

"मग झालं काय?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. बारा-तेरा माणसं, बूट बर्फानं भरलेले, टेबलाभोवती उभी राहून टर्कीकडे बघायला लागली. मग गसकाकानं टोपी काढली.

"गेलाय हा," तो गंभीरपणे म्हणाला. "आपल्याला उशीर झाला."

फर्नचा नवरा आधी फिसकन हसला. मग सगळेच हसायला लागले, भिंतीला टेकून, डोळे पुसत. माणसं भीती उतरल्यावर हसतात तशी. पोलमनकाकू हसत हसतच वाकल्या, मानेपाशी वास घेतला, कातडी फाडून आत हात घातला आणि एक फुगलेली थैली बाहेर ओढली. ती फुटली. टर्कीनं शेवटी खाल्लेला मका टेबलावर सांडला, शिजलेला, आंबलेला.

"दाण्याची थैली काढली नव्हतीस?"

"कसली थैली, काकू?"

त्यांचं हसू थांबलं. "अगं, मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुझ्या आईनं..." एवढंच म्हणून त्या फडकं शोधायला लागल्या. त्यांना काय वाटलं होतं ते सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात बाबांची गाडी आली. फाटकाच्या खांबाला घासून ती अंगणात शिरली आणि तिरकी थांबली. तीन मैलांवरच्या चौकात तारेवरच्या शेवटच्या घरचा माणूस त्यांना भेटला होता. त्यानं गाडीतून हात हलवून सांगितलं होतं की एमिल, तुझ्याकडे लांब घंटा झाली. पुढचे तीन मैल बाबा ते ऐकून आले होते. त्यांच्या शेजारी मावशी बसलेली.

ते दार उघडं टाकून, इंजिन चालू ठेवून आत आले. लोक अजून हसत होते, ते बाजूला झाले. बाबांनी ट्विलाच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्या.

"घंटा कुणी दिली?"

"मी."

"कशाला?"

"आतून कच्चा राहिला होता, बाबा."

त्यांनी मान हलवली, जसं काही हे कारण त्यांना पटलं. मग वळून बाहेर गेले आणि पडवीच्या पायरीवर बर्फातच बसले. थोड्या वेळानं पोलमनकाका त्यांना उठवायला गेले, पण बाबांना उठता येईना. पोलमनकाका मग त्यांच्या शेजारीच बसले.

मावशी शेवटी आत आली. तिची टोपी एका कानावर आलेली, चेहरा पिठासारखा. तिनं आधी ट्विलाकडे पाहिलं, मग माझ्या बाहीवरचा चरबीचा डाग पाहिला आणि काही न विचारता ती बाही वर केली. हाताला चार ठिकाणी भाजलं होतं.

"आर्डिस, तू माझं पत्र वाचलं होतंस?"

"हो."

"टर्की कच्चा राहिला म्हणून मी हिला घेऊन जाईन असं वाटलं तुला?"

"हो, मावशी."

ती खिडकीकडे तोंड करून टोपीच्या पिना काढायला लागली. त्या काढायला तिला फार वेळ लागला.

त्या दिवशी आमच्याकडे एकोणीस माणसं जेवली. पोलमनकाकूंनी टर्कीचे तुकडे केले, करपलेलं आणि आंबट लागलेलं टाकलं, उरलेलं चरबीत परतलं. बाकीच्या बायका घरी जाऊन आपापली जेवणं उचलून घेऊन आल्या. गसकाका फर्नला म्हणाला, "तुझा वासाचा साबण आण, हा धुऊन काढू." फर्न म्हणाली, "तुम्ही आधी तो रिसीव्हर खाली ठेवा." बाबा पायरीवरून उठून आत आले होते. एकदा तेही हसले. मावशीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि नंतर भांडी पुसायला उभी राहिली. मी मोजत होते. दुसऱ्यांदा घेतलं, हसली, ट्विलाच्या वेण्यांना छान म्हणाली. मला वाटलं, जमलं.

साडेतीनला लोक पांगले. उजेड उतरायला लागला होता. बाबा आणि मावशी हापशापाशी उभे राहून बोलत होते, मी खिडकीतून बघत होते. मावशी मान हलवत होती, नाही म्हणत असल्यासारखी. मग बाबा आत आले.

"ट्विलाचे कपडे पिशवीत भर."

"पण मावशी तर जेवली, बाबा. तिला आवडलं."

"लिओना नकोच म्हणतेय. मीच सांगितलं तिला, घेऊन जा म्हणून."

मला काही समजेना. मी म्हणाले, "पुढच्या वेळी थैली काढीन. आता माहीत झालंय मला. झाकायचं काय तेही काकूंना विचारते."

"ठाऊक आहे गं."

"मग?"

बाबा खुर्चीत बसले तसा त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. "त्या तीन मैलांत मी तुम्हा दोघींना पुरून आलो," ते म्हणाले. "तुझी चूक नाही. तू तेरा वर्षांची आहेस, आर्डिस, आणि मी तुला चुलीपुढे उभं केलं. सोमवारपासून शाळेत जायचं."

"मला नाही जायचं शाळेत."

"जायचं."

मी कपडे भरले. फार नव्हते. ट्विलाला आगगाडीत बसायला मिळणार म्हणून आनंद झाला होता. ती दारातून परत आली आणि मला विचारलं, "मी येईपर्यंत तू भोपळ्याचा पाय संपवणार का?" मी ठेवीन म्हणाले. बाबा त्या दोघींना पाचच्या गाडीला सोडायला गेले. मी फर्नचा उरलेला पाय कपाटात ठेवला आणि टेबल घासायला घेतलं. मक्याचा वास लाकडात शिरला होता.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगते.

पोलमनकाकू पुढची दोन वर्षं दर शनिवारी यायच्या आणि मला एकेक पदार्थ शिकवायच्या. बाबांनी त्यांना कधी अडवलं नाही. त्या १९६१ साली गेल्या. गसकाका त्रेपन्नच्या जानेवारीत गेला. तीन दिवस तारेवर त्याचा श्वास ऐकू आला नाही, तेव्हा पोलमनकाका जाऊन बघून आले. फर्नला सहा मुलं झाली. ते सगळे कॅलिफोर्नियाला गेले, आणि बरीच वर्षं नाताळात तिचं पत्र यायचं.

बाबांनी परत लग्न केलं नाही. एकाहत्तरला शेत विकलं आणि शेवटची पाच वर्षं माझ्या घरी काढली. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते गेल्यावर मावशीनं मला सांगितलं की हापशापाशी ती म्हणाली होती, "एमिल, मी पत्र लिहायलाच नको होतं, पोरीला इथेच राहू दे." आणि बाबा म्हणाले होते, "तू धाकटीला आता नेलं नाहीस तर मी मोठीला पण ह्या चुलीपुढे गमावीन." मावशी चौऱ्याण्णव वर्षं जगली. ती चांगली आई झाली, ह्यात मला कधीच शंका नव्हती.

मी शाळा पुरी केली, चौदा वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं, लग्न केलं, दोन मुलगे वाढवले. टर्की पन्नासाच्या वर केले असतील. सगळे नीट झाले.

ट्विला ओमाहात मोठी झाली आणि शाळेत गाणं शिकवायची. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्याकडे यायची, पाहुण्यासारखी, पाणी कुठे आहे विचारणारी. तिला ती दुपार आठवत नव्हती. पण गोष्ट ऐकून ऐकून पाठ झाली होती, आणि दर थँक्सगिव्हिंगला ती आपल्या मुलांना सांगायची. घोडीवरच्या बादल्या, फर्नचा साबण, आणि टोपी काढून उभा राहिलेला गस. तिथेच ती थांबायची, आणि सगळं टेबल हसायचं. मीही हसायचे. पुढचं मी तिला कधी सांगितलं नाही.

ती २०१९ साली गेली. वर्तमानपत्रात तिच्या मुलांनी दिलेल्या मजकुरात बहीण म्हणून माझं नाव होतं. आई म्हणून लिओनाचं नाव छापलं होतं.